अकरा जोड

मॅडमनी सांगितलं होतं :
ओरडायचं नाही. रडलात तरी चालेल,
शपथा घालायच्या नाहीत.
ज्यानं त्यानं कागदावर लिहून आणा
आणि कागदावरचंच वाचा.

आमच्यात कागदावरचं वाचायची सवय कुणाला.
अप्पांचं मी लिहिलं, आईचंही मीच,
बियाण्याच्या कंपनीतून आल्यावर
औषधाच्या भुकटीनं लाल झालेल्या बोटांनी.
पाळीभर मी पट्ट्यावरचा फुटका दाणा बाजूला काढते,
हात थांबत नाही.
आईचं एक वाक्य लिहायला मात्र
रात्रीचे दोन वाजले.

लग्नाची तिथी नाही असा रविवार बघितला.
अंबडहून मामा-मामी आले,
बदनापूरहून आत्या, गुडघ्याला पट्टा बांधून.
दीपमाला माहेरहून आली, पोरीला तिथंच ठेवून.
बँडमधली दोन पोरं भिंतीला टेकली.
गफूर मास्तर लाल कोट न घालता आले.
कोटाशिवाय आम्ही त्यांना कधी बघितलंच नव्हतं,
खांदे केवढेसे निघाले.
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं ट्रम्पेट.
लखननं बावीसशेला गहाण टाकलेलं;
मास्तरनं सोडवलं, कुणाला बोलले नाहीत.

चहा झाला, कुणी पिईना.
आत्या म्हणाली, जालना सोन्याचा पाळणा म्हणतात,
आमचा तर दुपारी चारपर्यंत पाळण्यातच असतो,
तोंड उघडं टाकून.
मामा हसले. मग सगळेच हसलो
आणि एकदमच थांबलो.

तो आला, सवयीनं चपला काढल्या,
आणि ढीग दिसला.
अकरा जोड.
आमच्या दाराशी एवढ्या चपला
आजी गेली तेव्हाच पडल्या होत्या.
आत न बघता त्यानं विचारलं,
हळू, अगदी शुद्धीवरच्या माणसासारखं :
"कोण गेलं?"

याचं उत्तर कुणीच लिहून आणलं नव्हतं.

मग तो मोजायला लागला.
आई. अप्पा. ताई.
दीपमालाच्या रिकाम्या मांडीशी नजर अडली.
"परी कुठंय?
बोला ना, कामून गप बसले सगळे?"
"माझ्या आईपाशी," ती म्हणाली. "बरी आहे. खेळायली."

तो उंबऱ्यावरच बसला.
उजव्या हाताची तीन बोटं
गुडघ्यावर वरखाली दाबत राहिला.
त्या गोळ्यांना इकडं बटन म्हणतात.
ट्रम्पेटलाही तीनच बटनं असतात.

मामांनी त्यांचा कागद वाचला, मधली एक ओळ गाळून.
दीपमालानं वाचला, न गाळता.
आईचा मी वाचला :
"लखन, तू रात्री आलास की
मी तुझ्या नाकापाशी बोट धरते.
मग झोपते."

बराच वेळ नुसता पंखा फिरत होता.
"उद्या जातो," तो म्हणाला, "आईची शपथ."
मॅडम म्हणाल्या, "शपथ नको. रिक्षा उभी आहे."
रिक्षावाला दोनदा डोकावून गेला होताच.

मास्तरपाशी कागद नव्हता.
त्यांनी टॉवेल सोडला, ट्रम्पेट दाखवलं,
पुन्हा गुंडाळलं.
"हे माझ्यापाशी राहील. रोज दाबत जाईन.
नाहीतर बटनं धरून बसतात."

लखन उठला. बाहेर गेला.
चपलांत काहीतरी हुडकत होता,
एक उचलून टाकल्याचा आवाज, मग दुसरी.
दारातून डावीकडं रिक्षा,
उजवीकडं बोळ, थेट स्टेशनपर्यंत.
आई उठायला गेली, मॅडमनी तिचा हात धरला.
आम्ही सगळे कान झालो.

नंतर बघितलं तर
त्याच्या चपला तिथंच, ढिगाखाली.
अप्पांच्या वहाणा घालून गेला होता.

अप्पा तसेच निघाले त्याच्या मागं,
अनवाणी, तापलेल्या सिमेंटवरून,
हातात तो कागद,
अजून उलटाच धरलेला.